दिवसा पास, रात्री फेल: डेस्कटॉप अ‍ॅपच्या यूआय टेस्ट बिल्ड मशीनवरच का पडतात

तुमच्या टेबलावर यूआय टेस्ट, म्हणजे माणसासारखं अ‍ॅप वापरून बघणारी स्क्रिप्ट, चालवली की माउस आपोआप फिरतो, विंडो उघडतात, रकाने भरतात आणि रिपोर्ट हिरवागार येतो. तोच कोड रात्री बिल्ड मशीनवर (कोड आपोआप बांधून तपासणारा संगणक) चालला की सकाळी निम्मा रिपोर्ट लाल. या एकाच तक्रारीसाठी मला इतक्यांदा बोलावलं गेलंय, की आता मी टेस्टचा कोड शेवटी उघडतो. बहुतेक वेळा दोष कोडात नसतोच. टेस्ट ज्या डेस्कटॉपवर चालायला हवी, तो डेस्कटॉप रात्री तिथे नसतो.

इथे मी विंडोजबद्दलच लिहितोय. टेस्ट लिहायचं हत्यार कुठलंही असो, पायविनऑटो, फ्लायूआय किंवा विनअ‍ॅपड्रायव्हर, खाली सगळ्यांचा आधार विंडोजचं यूआय ऑटोमेशनच (विंडोतली बटणं-रकाने दुसऱ्या प्रोग्रामला दाखवणारी सोय) असतं (पायविनऑटोत जुन्या विन३२ संदेशांचा पर्यायही आहे). त्यामुळे दुखणीही सारखीच.

लक्षणं

• ‘एलिमेंट सापडला नाही’ किंवा ‘टाइमआउट’ असा एरर येतो, पण हाताने अ‍ॅप उघडून बघितलं तर तो एलिमेंट (बटण, रकाना असा विंडोतला भाग) जागेवर असतो.

• फेल झाल्यावरचा स्क्रीनशॉट काळाकुट्ट येतो, किंवा स्क्रीनशॉट घेतानाच एरर येतो. पायथनवाल्यांना ‘स्क्रीन ग्रॅब फेल्ड’ ओळखीचं असेल.

• एलिमेंट सापडतो, लॉगमध्ये क्लिकची नोंदही होते, पण अ‍ॅप ढिम्म.

• टाइप केलेला मजकूर भलत्याच विंडोत जातो, किंवा मधली अक्षरं गळतात.

• बघायला म्हणून रिमोट डेस्कटॉपने मशीनवर शिरलात की सगळ्या टेस्ट शहाण्यासारख्या पास होतात. तुम्ही बाहेर पडलात की पुन्हा फेल.

हे शेवटचं लक्षण दिसत असेल तर निदान जवळपास झालंच. तरी पायऱ्या गाळू नका. एकाच मशीनवर दोन दोष मला बऱ्याचदा सापडलेत, आणि दुसरा दोष पहिल्याच्या आड लपलेला असतो.

पहिली तपासणी: फेल होण्याच्या क्षणाचा फोटो

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. टेस्ट फेल झाली की त्याच क्षणी पूर्ण स्क्रीनचा फोटो घेऊन ठेवा. नुसत्या अ‍ॅपच्या विंडोचा फोटो नको, कारण आपल्याला आजूबाजूला काय होतं तेच बघायचंय. शिवाय प्रत्येक रनच्या सुरुवातीला लॉगमध्ये चार गोष्टी छापा: स्क्रीनची रुंदी-उंची, स्केलिंगची (अक्षरं-बटणं मोठी दाखवायची) टक्केवारी, कोणत्या युजरच्या नावाने रन चाललाय आणि सेशनचा (विंडोजमधल्या एका लॉगिनच्या जागेचा) नंबर.

एका ठिकाणी मी दोन दिवस बिल भरायच्या विंडोचा लोकेटर (एलिमेंट शोधायची खूण) बदलत बसलो होतो. नावाने शोधून पाहिलं, आयडीने शोधून पाहिलं, वेटही वाढवून पाहिला. तिसऱ्या दिवशी सुचलं म्हणून फोटो घेतला, तर स्क्रीनच्या बरोब्बर मध्यभागी प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ असा चौकोन ठाण मांडून बसलेला. बिलाची विंडो त्याच्यामागे व्यवस्थित उघडी होती. क्लिक त्या चौकोनावर जात होते.

फोटो काळा असेल किंवा निघतच नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीकडे जा. लॉक स्क्रीन दिसली तर चौथीकडे. अ‍ॅप दिसतंय पण आकार वेगळा वाटतोय, तर पाचवीकडे. सगळं जागेवर आहे आणि तरी टेस्ट पडते, तर मात्र सहावी-सातवीपर्यंत यावं लागेल.

दुसरी तपासणी: एजंट कोणत्या सेशनमध्ये चालतोय

टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’च्या टॅबमध्ये जा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘सेशन आयडी’ हा कॉलम दाखवायला सांगा. बिल्ड एजंटच्या (मशीनवर टेस्ट सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीसमोर शून्य दिसतोय? मग पुढचं काहीही दुरुस्त केलंत तरी उपयोग नाही.

कारण असं: विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) शून्य नंबरच्या सेशनमध्ये एकट्या राहतात आणि माणसं पुढच्या नंबरच्या सेशनमध्ये लॉगिन होतात. एक्सपीपर्यंत पहिला लॉगिन होणारा युजर सर्व्हिसेसच्या शेजारीच बसायचा. साध्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या सर्व्हिसच्या विंडोला संदेश पाठवून गैरफायदा घेता यायचा, म्हणून ही भिंत घातली. भिंतीपलीकडे तुमचं अ‍ॅप सुरू होतं, विंडोसुद्धा तयार होते, पण ती कुठल्याही स्क्रीनवर उमटत नाही. माउस-कीबोर्डचं इनपुट तिथे पोहोचत नाही. बहुतेक बिल्ड एजंट ‘सर्व्हिस म्हणून बसवू का?’ असं विचारतात आणि आपण सवयीने हो म्हणतो. वेब टेस्टना त्याने फारसं बिघडत नाही, कारण ब्राउझर हेडलेस, म्हणजे विंडो न दाखवता, चालतो. डेस्कटॉप अ‍ॅपला ती सोय नाही.

उपाय: सर्व्हिस काढा. टेस्टसाठी वेगळा, मर्यादित अधिकारांचा युजर करा, मशीन सुरू झाल्यावर तो आपोआप लॉगिन होईल असं करा आणि एजंट त्याच्या लॉगिननंतर साध्या प्रोग्रामसारखा सुरू होऊ द्या. ऑटो-लॉगिनसाठी सिसइंटर्नल्सचं ‘ऑटोलॉगऑन’ वापरा. रजिस्ट्रीत हाताने पासवर्ड टाकला तर तो उघडा वाचता येतो.

यात एक खड्डा आहे, मीही त्यात पडलोय. एजंट टास्क शेड्युलरमधून सुरू करताना ‘युजर लॉगिन असो वा नसो, चालव’ हा पर्याय फार मोहक दिसतो. तो निवडला की टास्क पुन्हा शून्य नंबरच्या सेशनमध्ये. ‘युजर लॉगिन असेल तेव्हाच चालव’ हाच निवडायचा.

तिसरी तपासणी: रिमोट डेस्कटॉप

सगळ्यात जास्त फसवणारा दोष हाच. तुम्ही रिमोट डेस्कटॉपने मशीनवर जाता, सगळं ठीक दिसतं, खिडकी बंद करून घरी जाता. खिडकी बंद केली की सेशन मरत नाही, प्रोग्राम चालूच राहतात. पण त्या सेशनला आता पडदा उरलेला नाही. चित्र रंगवायला जागा नाही, खरा माउस नाही, खरा कीबोर्ड नाही. मग स्क्रीनशॉट काळा येतो आणि क्लिक हवेत विरतात.

खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टवर ‘क्वेरी सेशन’ लिहा. टेस्टच्या युजरसमोर ‘अ‍ॅक्टिव्ह’ हवं. ‘डिस्क’ असं लिहून आलं तर सेशन तुटलेलं आहे.

गंमत म्हणजे अशा तुटलेल्या सेशनमध्येही काही पायऱ्या पास होतात. यूआय ऑटोमेशनमध्ये बटण दाबायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे माउस खरोखर तिथे नेऊन क्लिक करणं. दुसरा म्हणजे बटणालाच ‘तू दाबला गेलास’ असं सांगणं, ज्याला ‘इन्व्होक’ म्हणतात. पहिल्याला जिवंत डेस्कटॉप लागतो, दुसऱ्याचं पडद्याविना बऱ्याचदा भागतं. म्हणून रिपोर्टमध्ये पाच पायऱ्या हिरव्या आणि सहावी लाल असं चित्र येतं आणि आपण सहाव्या पायरीवर संशय घेत बसतो.

‘मग सगळीकडे इन्व्होकच वापरू या की!’ हे मी प्रत्येक टीमकडून ऐकलंय. काही ठिकाणी ते योग्यही आहे. पण इन्व्होकला समोर काय आहे याची फिकीर नसते. बटणावर दुसरी विंडो आलेली असली तरी ते दाबलं जातं, टेस्ट पास होते आणि खरा वापरणारा अडकतो. शिवाय काही अ‍ॅपमध्ये इन्व्होकने मोडल डायलॉग (बंद केल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा चौकोन) उघडला की तो बंद होईपर्यंत कॉल परतच येत नाही. तुमची टेस्ट तिथे लटकून राहते, कारण डायलॉग बंद करायची ओळ तिच्या पुढे आहे.

उपाय दोन. व्हर्च्युअल मशीन असेल तर बघायला रिमोट डेस्कटॉप वापरूच नका. हायपरव्हायजरचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कन्सोल किंवा व्हीएनसी (मशीनचा चालू पडदाच दाखवणारं साधन) वापरा, त्यांनी सेशन तुटत नाही. रिमोट डेस्कटॉपला पर्यायच नसेल तर बाहेर पडताना खिडकी बंद न करता ‘टीएसकॉन’ या कमांडने आपलं सेशन कन्सोलकडे सोपवा. त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. आणि लक्षात ठेवा, त्यानंतर त्या मशीनचा डेस्कटॉप अनलॉक अवस्थेत उघडा राहतो. मशीन कुलूपबंद खोलीत नसेल तर हे करू नका.

जाता जाता: तुमच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपची खिडकी नुसती मिनिमाइझ केली तरी पलीकडचं चित्र रंगवणं थांबू शकतं. टेस्ट चालू असताना खिडकी मागे ढकला, पण मिनिमाइझ करू नका.

चौथी तपासणी: लॉक, झोप, स्क्रीनसेव्हर

पाच मिनिटांचं काम. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होणं आणि स्लीप दोन्ही ‘कधीच नाही’ करा, स्क्रीनसेव्हर काढा, नोटिफिकेशन बंद करा. लॉक झालेल्या स्क्रीनवर इनपुट लॉक स्क्रीनलाच जातं, अ‍ॅपला नाही.

सेटिंग बदललं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉक झालं, तर ते ग्रुप पॉलिसीतून (कंपनीने सगळ्या मशीनना लावलेल्या नियमांतून) येतंय. इथे थांबा. पॉलिसीला वळसा घालू नका, दर मिनिटाला माउस हलवणारी स्क्रिप्ट तर मुळीच लिहू नका. सिस्टिम अ‍ॅडमिनकडे जा आणि या एका मशीनला वेगळ्या गटात टाकायला सांगा. ऑटो-लॉगिन, लॉक न होणं आणि उघडा कन्सोल या तिन्ही गोष्टी सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक आहेत. त्यांची जबाबदारी सिस्टिम अ‍ॅडमिनच्या संमतीनेच घ्यायची.

पाचवी तपासणी: रिझोल्यूशन आणि स्केलिंग

मॉनिटर न जोडलेलं मशीन बऱ्याचदा १०२४ × ७६८ सारख्या लहान आकारावर उतरतं. टीएसकॉन वापरल्यावर तर हे हमखास बघायला मिळतं. तुमच्या मोठ्या स्क्रीनवर टूलबारवर दिसणारं बटण तिथे ‘आणखी’च्या मेनूत सरकलेलं असतं. एलिमेंट सापडला नाही, तर तो खरंच तिथे नव्हता.

स्केलिंगचा दोष जास्त लबाड. विंडोज १०० टक्के म्हणजे इंचाला ९६ ठिपके धरतं, १२५ टक्के म्हणजे १२०. टेस्ट चालवणारा प्रोग्राम स्केलिंग न समजणारा असेल तर विंडोज त्याला खोटे, लहान केलेले आकडे देतं. समजा बटण खरं तर १०००, ६०० या जागेवर आहे. १२५ टक्के स्केलिंगवर अशा प्रोग्रामला ते ८००, ४८० वर दिसतं. त्याने तोच आकडा खरा समजून क्लिक केला की क्लिक बटणापासून बराच वर-डावीकडे पडतो.

ओळखायची खूण: डाव्या-वरच्या कोपऱ्यातली बटणं बरोबर दाबली जातात आणि उजवीकडे-खाली जावं तशी चूक वाढत जाते. असं दिसलं की दुसरं काही शोधू नका. बिल्ड मशीन १०० टक्के स्केलिंग आणि एका ठराविक रिझोल्यूशनवर बांधून टाका. स्वतःच्या मशीनवर वेगळं स्केलिंग हवं असेल तर टेस्ट रनरला (टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘डीपीआय-अवेअर’, म्हणजे स्केलिंग समजणारा, करावं लागेल. तेही जमतं, पण आधी बिल्ड मशीन स्थिर करा. आणि कोडात कुठेही क्लिकचे आकडे लिहिलेले असतील तर ते आजच काढा.

सहावी तपासणी: अधिकार

अ‍ॅप ‘अ‍ॅडमिन म्हणून’ चालतंय आणि टेस्ट साध्या युजरच्या अधिकारात, तर विंडोज टेस्टचं इनपुट अ‍ॅपपर्यंत पोहोचू देत नाही. वाईट भाग असा की ते एररही देत नाही. इनपुट पाठवणाऱ्या फंक्शनच्या उत्तरावरून ते अडवलं गेलं हे कळत नाही. लक्षण म्हणून तेच: क्लिकची नोंद आहे, परिणाम नाही. अ‍ॅपला खरंच अ‍ॅडमिन अधिकार लागतात का हे आधी विचारा. बऱ्याचदा कुणीतरी जुन्या काळी शॉर्टकटवर खूण करून ठेवलेली असते. लागतच असतील तर टेस्टही त्याच पातळीवर चालवा.

आणि परवानगी विचारणारा यूएसी चौकोन टेस्टने दाबायचा प्रयत्न करू नका. तो वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर येतो. तुमच्या टेस्टला तो दिसणारच नाही, आणि दिसू नये हाच त्याचा हेतू आहे.

सातवी तपासणी: वाट कशाची बघताय

इथवर सगळं स्वच्छ असेल आणि टेस्ट तरीही कधी पास, कधी फेल होत असेल, तर आता कोड उघडा. बहुतेक वेळा आत ‘स्लीप ५’ (पाच सेकंद नुसतं थांब) सापडतो. तुमच्या मशीनवर दोन सेकंदांत उघडणारी विंडो रात्री अँटिव्हायरस, बॅकअप आणि दुसरा बिल्ड एकत्र चालू असताना सात सेकंद घेते. मग कुणीतरी ५ चे १० करतं, पुढच्या महिन्यात १५. रन दीड तासाचा होतो आणि फेल व्हायचा तो होतोच.

ठराविक वेळ थांबू नका, अट पूर्ण होईपर्यंत थांबा: कमाल ३० सेकंद, दर अर्ध्या सेकंदाला बघायचं, अट पूर्ण झाली की लगेच पुढे. हे सगळीकडे लिहिलेलं असतं. खरी मेख अट कोणती, यात आहे.

बटण दिसणं आणि बटण दाबता येणं वेगळं. डेटा लोड होईपर्यंत बटण करडं असतं, म्हणून ‘एनेबल्ड’ची वाट बघा. त्याहून वाईट म्हणजे फिरणाऱ्या चक्राची वाट. ‘चक्र नाहीसं होईपर्यंत थांब’ असं लिहिलं की वाचायला छान वाटतं. पण शोध दाबल्यावर चक्र उमटायला पाव सेकंद लागतो. टेस्ट त्याच्या आधीच बघते, चक्र नाही असं पाहून खूश होते आणि रिकाम्या यादीतली पहिली ओळ वाचायला जाते. म्हणून चक्राची नव्हे, निकालाची वाट बघा: यादीत ओळी आल्या का, स्टेटस बारमधला मजकूर बदलला का.

यादी ताजी झाल्यावर आधी शोधून ठेवलेला एलिमेंट मेलेला असतो. तो पुन्हा शोधा.

‘फेल झाली तर तीनदा चालव, एकदा पास झाली तर पास’ ही सोय बऱ्याच साधनांत आहे. माझं मत विचाराल तर ती शेवटचा उपाय म्हणूनही वापरू नये. एक हिशेब करून बघा: प्रत्येक टेस्ट ९९ टक्के वेळा बरोबर चालते असं धरलं, तरी १०० टेस्टचा अख्खा रन हिरवा येण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपासच असते. एक टक्का बारीक वाटतो, पण रिपोर्टवर त्याचं वजन असं पडतं. पुन्हा चालवून तो झाकला की मशीनचा दोष आणि अ‍ॅपचा खरा बग एकाच पांघरुणाखाली जातात.

अक्षरं गळत असतील तर एक आणखी बघा. पायविनऑटोचं ‘टाइप कीज’ सांगितल्याशिवाय स्पेस टाइप करत नाही आणि काही चिन्हांचा वेगळा अर्थ घेतं: टक्क्याचं चिन्ह म्हणजे ऑल्ट, अधिकचं म्हणजे शिफ्ट. सवलतीचा रकाना भरताना आमच्याकडे मेनू उघडत होता तो यामुळे. पण हा दोष दिवसाही दिसतो. फक्त रात्री गळत असतील तर फोकस किंवा कीबोर्ड लेआउट तपासा.

आठवी तपासणी: एलिमेंट झाडात आहे का

सगळ्यात कष्टाचं म्हणून सगळ्यात शेवटी. विंडोजच्या एसडीकेमधलं ‘इन्स्पेक्ट’ किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी इनसाइट्स’ त्या बिल्ड मशीनवरच उघडा आणि एलिमेंट झाडात (कोणत्या विंडोत काय आहे त्याच्या उतरंडीत) कुठे आहे ते बघा. लांबलचक याद्यांमध्ये न दिसणाऱ्या ओळी झाडात नसतातच, अ‍ॅप त्या दिसायची वेळ आल्यावर बनवतं. मोठ्या स्क्रीनवर चाळीसावी ओळ सापडते, लहान स्क्रीनवर नाही, ते यामुळे. आधी स्क्रोल करा, मग शोधा. इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायची चौकट) बनवलेल्या अ‍ॅपचं आतलं झाड सहसा बंद असतं, ते अ‍ॅप सुरू करताना मुद्दाम चालू करावं लागतं. जावा स्विंगच्या अ‍ॅपसाठी जावा अ‍ॅक्सेस ब्रिज (स्विंगचे एलिमेंट बाहेर दाखवणारा दुवा) चालू आहे ना ते बघा. तो तुमच्या मशीनवर कधीतरी चालू केलेला असतो आणि नव्या मशीनवर कुणालाच आठवत नाही.

कुठे थांबायचं

इन्स्पेक्टमध्ये अख्खी ग्रिड (ओळी-रकान्यांचा तक्ता) एकच सपाट चौकोन म्हणून दिसत असेल आणि आत काहीच नसेल, तर टेस्टच्या बाजूने जे कराल ते ठिगळ. तो कंट्रोल अ‍ॅपने स्वतः रंगवलाय आणि यूआय ऑटोमेशनला त्याबद्दल काही सांगितलेलं नाही. हे काम अ‍ॅपच्या डेव्हलपरचं. त्यांच्याकडे जाताना ‘टेस्ट फेल होतायत’ असं म्हणू नका. इन्स्पेक्टचा फोटो न्या, कोणत्या दहा कंट्रोलना ऑटोमेशन आयडी (टेस्टला ओळखता येणारं नाव) हवा त्याची यादी न्या, आणि हाच कंट्रोल स्क्रीन रीडरलाही वाचता येत नाही हे सांगा. ग्रिड विकत घेतलेली असेल तर त्यांना ती बनवणाऱ्यांकडे विचारावं लागेल.

आणखी एका खुणेवर लगेच थांबा. पहिल्या दीडशे टेस्ट नीट चालतात आणि पुढच्या सगळ्या पडतात, तर टेस्टचा क्रम उलटा करून चालवा. आता आधी पास होणाऱ्या टेस्ट पडल्या, म्हणजे दोष त्या टेस्टमध्ये नाही, अ‍ॅप थकतंय. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा (विंडोजकडून घेतलेल्या रंगवायच्या साधनांचा) कॉलम लावा. एका प्रोसेसला मूळ मर्यादा १०,००० ची असते. आकडा चढतच राहिला आणि कधी उतरला नाही, तर अ‍ॅप ब्रश-फाँट घेतं आणि परत करत नाही. दर पन्नास टेस्टनंतर अ‍ॅप बंद करून उघडलं तर तुमचा रन हिरवा होईल. पण ते करण्याआधी चढता आकडा दर दहा टेस्टला लिहून काढा आणि तो कागद डेव्हलपरच्या हातात द्या.